दावणीचा हिशेब

नांदेडहून लातूरकडे येताना लोहा मागे पडले की काही वेळाने माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तेथे खंडोबाची यात्रा सुरू होते. देवस्वारी निघते, भंडाऱ्याने माणसे पिवळी होतात आणि माळावर जनावरांचा बाजार भरतो. घोडे, उंट, गाढवे, कुत्री, सारे काही तेथे येते. पण मराठवाड्यातील शेतकऱ्याची नजर शोधते ती गडद लाल आणि पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची गुरे. लाल कंधारी आणि देवणी या नावांनी ती ओळखली जातात.

अहमदपूरच्या एका आडत व्यापाऱ्याने हा रस्ता चाळीस वर्षे तुडवला होता. यात्रेच्या दिवसांत गर्दीत गाडी अडकली की ते घड्याळ पाहत, उतरले मात्र कधीच नव्हते. ओसवाल घराणे, तीन पिढ्या धान्य, डाळ, कापूस यांचा व्यवहार. जनावरांच्या खरेदी-विक्रीपासून घराने स्वतःला कटाक्षाने दूर ठेवले होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य येते, म्हणजे सजीव प्राण्यांचा व्यापार येतो, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच शिकविले होते.

त्या वर्षी मात्र ते उतरले. आदल्या रात्री मन्याड खोऱ्यातील एका वृद्ध शेतकऱ्याचा फोन आला होता. कंधार तालुक्यातील त्या घराचे खाते दुकानात शेठजींच्या वडिलांपासून चालत आलेले. शेठजी त्या वृद्धाला 'मामा' म्हणत. मामा फोनवर फार बोलत नसत, त्या रात्रीही त्यांनी इतकेच सांगितले, "शेटजी, तांबडी यात्रेत आनलीय. काढून टाकतो आता. तुमच्या कानावर घातलं."

फोन ठेवल्यावर शेठजींना वाटले, ही काही पैशाची मागणी नव्हे. पैसे हवे असते तर मामांनी उचल मागितली असती. गाय विकायची आहे हे आडत्याला सांगण्याचे कारण तरी काय? झोप लागेना. पहाटे सामायिक आटोपून त्यांनी मुलाला गाडी काढायला सांगितली.

* * *

कंधार हे नाव घेतले की शेठजींना दुकानाच्या आधी भुईकोट किल्ला आणि जगत्तुंग तलाव आठवत असे. राष्ट्रकूट राजांची ही जागा. त्या काळात दक्षिणेत जैन धर्माला राजाश्रय होता, अमोघवर्षासारखा राजा जैन आचार्यांना मान देत होता, हे त्यांनी व्याख्यानांतून ऐकले होते. लाल कंधारीविषयीही अशीच एक राजाश्रयाची आठवण सांगितली जाते. कंधारच्या सोमदेवराय नावाच्या राजाने ही गुरे सांभाळली, वाढविली, अशी परंपरा आहे. परंपरेतले काल-नाव बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट गुरांकडे पाहूनच पटते. या डोंगराळ, कमी पाण्याच्या मुलखाने शेकडो वर्षे निवड करून हे जनावर घडविले आहे. मध्यम बांधा, गडद लाल कातडे, लांब कान, वाकलेली शिंगे, माफक वशिंड. बालाघाटाच्या चढउतारावर न थकणारे, थोड्या वैरणीवर भागवणारे आणि उन्हात उभे राहून कामाला नाही न म्हणणारे. काही भागांत त्याला लाखालबुंदा असेही म्हणतात. दूध बेताचे, एका वेतात साधारण पाच-सहाशे लिटर. गाय घरापुरते दूध देई आणि तिचे गोऱ्हे शेत ओढत.

देवणी हे त्याहून थोराड. लातूर जिल्ह्यातील देवणी हे तिचे नाव-गाव. उदगीरच्या आसपासचा आणि पलीकडे बिदरपर्यंतचा पट्टा तिचा. गीर, डांगी आणि स्थानिक गुरे यांच्या संकरातून दोनेकशे वर्षांत ही जात स्थिरावली, असे पशुशास्त्र सांगते. कपाळ पुढे आलेले, कान लोंबते. तिच्यातही तीन छटा आहेत. सगळी पांढरी ती बालंक्या. अंग पांढरे आणि तोंड काळपट ती वानेरा. पांढऱ्यावर काळे अनियमित ठिपके ती वाघ्या किंवा शेवरा. देवणी दूधही देते आणि कामही करते. काळ्या, चिकट, खोल जमिनीत वखर ओढायचा तर देवणीची जोडी हवी, अशी या भागातील जुनी समजूत.

या दोन जातींच्या खांद्यावर मराठवाड्याचा व्यापार उभा राहिला, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग नांदेडवरून गेला तो १९००च्या सुमारास. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला पोचली १९११ साली. त्याआधी, आणि पुढेही कित्येक वर्षे, गावातील कापूस, तूर, जवस, करडई हा सर्व माल स्टेशनापर्यंत नेणारे दुसरे काहीच नव्हते. अहमदपूर ते नांदेड हा सुमारे ७० किलोमीटरचा रस्ता. भरलेली गाडी ताशी तीन-चार किलोमीटर चाले. म्हणजे जायला दोन-तीन मुक्काम, यायला तितकेच.

शेठजींच्या आजोबांच्या वेळच्या वह्या घरात माळ्यावर आहेत. लाल कापडाच्या बांधणीच्या त्या बहीखात्यांत गाडीभाड्याच्या नोंदींबरोबर आणखी एक नोंद वारंवार येते, 'बैलांस गूळ-तेल'. आजोबांचा दंडकच होता. गाडीत ठरल्यापेक्षा एकही पोते जास्त भरायचे नाही. चढ आला की दोन पोती उतरवून माणसांनी वर न्यायची. दुपारी बैल सोडायचेच, मग माल एक दिवस उशिरा पोचला तरी चालेल. गाडीवान कुरकुरत, "शेट, बाकीचे व्यापारी भरत्यात की." आजोबा म्हणत, "त्यांचे पाप त्यांच्याकडे. माझे प्रतिक्रमण मला करायचे आहे."

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपान-निरोध. प्राण्याला जखडून बांधणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याच्यावर शक्तीबाहेर भार लादणे आणि त्याचे चारा-पाणी तोडणे. शास्त्रकारांनी हे पाच दोष लिहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बैल होता हे उघड आहे. उपासकदशांगातील आनंद श्रावक चार गोकुळांचा धनी होता, एकेका गोकुळात दहा हजार गाई. ज्याच्या घरी इतकी गुरे, त्यालाच हे व्रत समजून घ्यावे लागले. भगवान ऋषभदेवांचे लांछनही वृषभ आहे. व्यापारी गृहस्थाच्या धर्मात बैल हा असा अगदी प्रारंभापासून उभा आहे.

* * *

माळेगावच्या माळावर मामा एका बाभळीखाली बसले होते. तांबडी उभी होती. शिंगांना तेल लावलेले, गळ्यात जुनी घुंगरमाळ. शेठजींना पाहून मामा उठू लागले तसे त्यांनी हाताने बसवले आणि स्वतः धोतराचा सोगा सावरून शेजारी टेकले.

"मामा, कितवे वेत?"

"तिसऱ्याला गाभण हाय. शेजारच्या गावात एक वळू ऱ्हायला होता कंधारी, त्याच्याकडं नेली व्हती. तो बी गेला पुढं इकून." मामांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "माज्या आजाच्या वक्ताची दावण हाय ही, शेटजी. हिची आय, तिची आय, समद्या आमच्याच गोठ्यात जलमल्या."

तेवढ्यात कर्नाटकाकडचा एक हेडी आला. त्याने गाईचा जबडा उघडून दात पाहिले, कास दाबून पाहिली, मग खांद्यावरचा रुमाल मामांच्या हातावर टाकला. रुमालाखाली बोटे धरून भाव सुरू झाला. शेठजी ते पाहत राहिले. आडत बाजारात एके काळी धान्याचे भाव असेच कापडाखाली ठरत. हत्ता म्हणत त्याला. त्यांच्या स्वतःच्या बोटांनी हजारो सौदे असे केले होते. पण जिवंत प्राण्याचा हत्ता ते प्रथमच जवळून पाहत होते, आणि त्यांना ओशाळल्यासारखे झाले. मामांनी बोटे सोडवून घेतली. सौदा जमला नाही. हेडी पुढे गेला.

"मामा," शेठजी म्हणाले, "मी देतो पैसे. तो देत होता त्यापेक्षा दोन हजार जास्त. तांबडीला पांजरापोळात ठेवू. शेवटच्या श्वासापर्यंत चारा-पाणी मिळेल, कुणी हात लावणार नाही. दुकानाच्या धर्मादा खात्यातून देतो, तुम्ही संकोच करू नका."

त्यांना वाटले होते, मामांच्या डोळ्यांत पाणी येईल. मामा मात्र बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिले.

"तिथं ती जगंल, शेटजी. न्हाई म्हनत न्हाई मी. मोठं पुन्याचं काम हाय ते. आमची म्हातारी बैलं तिथंच गेली. पर तिथं वळू सोडीत न्हाईत. शेकड्यानं जनावरं, वासरं झाली तर ठिवायची कुटं? हे पोटातलं झालं की तिथंच सरलं. जनावर जगंल, दावण सरंल."

"मग हेड्याला देऊन दावण कशी राहील?"

"ऱ्हाईल का न्हाई, ठावं न्हाई. पर ज्याच्याकडं कडबा हाय त्याच्याकडं जाऊ द्या म्हनलं. माज्या घरी आता पेंढी न्हाई. गुडघं गेलं. पोरगा पुण्यात कंपनीत. टॅक्टर येतो, दोन तासांत रान करून जातो." मामा थांबले. मग वर न बघता म्हणाले, "कडबा कुटं गेला, ते तुमाला ठावं हायच की."

शेठजींना ते ठाऊक होते.

* * *

मराठवाड्यात ज्वारी हे एका वेळी दोन घरांचे अन्न होते. कणसे माणसाला, ताटे जनावराला. उंच वाढणाऱ्या देशी ज्वारीचा कडबा गंजीत रचला की उन्हाळा निभे. १९७२ च्या दुष्काळानंतर माणसांनी सांगितलेल्या आठवणींत धान्याइतकीच कडब्याची आठवण येते. पुढे बुटक्या संकरित ज्वाऱ्या आल्या. धान्य वाढले, ताट आखूड झाले. नंतर सोयाबीन आले. तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसा देणारे, लातूरच्या बाजाराचे नाव देशभर पोचवणारे पीक. लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेड येथील अनेक दुकाने त्याने उभी केली, मुलांची शिक्षणे केली, कर्जे फेडली. त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. पण सोयाबीनचा कडबा होत नाही. उरते ते भुसकट, आणि ते जनावर आवडीने खात नाही. ज्या शिवारात ज्वारी हटली त्या शिवारात गव्हाण रिकामी झाली. गव्हाण रिकामी झाली म्हणून बैल गेले. बैल गेले म्हणून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर आला म्हणून गोऱ्ह्याला किंमत उरली नाही. गोऱ्ह्याला किंमत नाही म्हणून गाईला जर्सीचे रेतन सुरू झाले, कारण निदान कालवड दूध तरी देईल. आणि अशा रीतीने, कोणीही वाईट इच्छा न बाळगता, दावण संपत आली.

मामांच्या शेतात पहिले सोयाबीन पेरले गेले ते शेठजींच्या सांगण्यावरून. "ज्वारीला काय भाव आहे, मामा? बी मी देतो, उचल देतो, माल माझ्याकडे घाला." सल्ला खोटा नव्हता. त्या वर्षी मामांच्या घरावर पत्रे आले. पुढच्या वर्षी दुकानाला दुसरे गोदाम आले. त्या हिशेबात जनावरांचे पान कोणी उघडलेच नव्हते.

२०१५ साली राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीस बंदी करणारा कायदा अमलात आला तेव्हा अहमदपुरात पेढे वाटणाऱ्यांत शेठजी होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा चारा छावणीसाठी त्यांनी ट्रकभर ढेप पाठविली. २०२२ साली लंपी आजाराने गुरे पडू लागली तेव्हा औषधे दिली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी शासनाने देशी गाईला राज्यमाता-गोमाता असा दर्जा दिला, गोशाळांतील देशी गाईमागे रोज ५० रुपयांचे अनुदान जाहीर केले आणि मराठवाड्याच्या देवणी व लाल कंधारीचा त्यात नावाने उल्लेख झाला. ते कात्रणही त्यांनी जपून ठेवले होते. जीवदयेच्या बाबतीत आपण मागे नाही, असा त्यांचा समज होता. तो खोटाही नव्हता. पण बाभळीखाली बसलेल्या त्या माणसाने दाखवून दिले होते की या सर्व मदती जनावर संकटात सापडल्यानंतरच्या होत्या. जनावर संकटात येऊ नये यासाठी शिवारात जे उभे राहावयास हवे होते, ते त्यांच्याच दुकानाच्या सल्ल्याने उपटले गेले होते.

"संक्रांतीपर्यंत विकू नका," एवढेच बोलून शेठजी उठले. तोपर्यंतच्या वैरणीचे पैसे त्यांनी मामांच्या हातावर ठेवले. मामांनी ते मोजले नाहीत.

* * *

शेठजींची नात उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. घरातील मुलगी गुरांची डॉक्टर होणार हे सुरुवातीला कोणालाच रुचले नव्हते. आजोबांनीच तिची बाजू घेतली होती. त्या रविवारी ती घरी आली तेव्हा त्यांनी मामांचे बोलणे तिच्यापुढे ठेवले.

"मामा बरोबर सांगतात, दादाजी," ती म्हणाली. "एक गाय वाचणे आणि एक जात वाचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जात वाचायला त्याच जातीचा चांगला वळू हवा, तोही एकच नको, वेगवेगळ्या घरांतले हवेत. नाहीतर रक्त जवळचे होते आणि वासरे दुबळी निघतात. आणि ती गुरे त्यांच्याच मुलखात, त्याच चाऱ्यावर, त्याच कामात राहिली पाहिजेत. कोठीत ठेवून गुण टिकत नाहीत."

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील लाल गुरे १६२०च्या दशकात जहाजांतून अमेरिकेच्या प्लिमथ वसाहतीत उतरली. रानटी जमीन मोडणे, ओंडके आणि दगड ओढणे, गाड्या वाहणे, घराला दूध देणे ही सारी कामे त्या लाल गुरांनी केली. त्या देशाची पहिली शेते बैलांनी नांगरली. पुढे यंत्रे आली, भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टिन गाई आल्या आणि ज्या गुरांनी वसाहती उभ्या केल्या ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गोठ्यांत उरली. अखेर १९७७ साली तेथे अशा विस्मृत जातींच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली. ती शेतकऱ्यांच्या दावणीची नोंद ठेवते, वंशावळी ठेवते, वळूंची देवघेव घडवून आणते.

"म्हणजे बहीखाते ठेवते," शेठजी म्हणाले.

"हो, दादाजी. बहीखातेच."

मग ती थोडी थांबली आणि तिने जे विचारले ते त्यांनाही गेले काही दिवस टोचत होते. "पण एक सांगा. आपण निर्लांछन कर्म वर्ज्य मानतो. पणजोबांच्या गाड्यांना जुंपलेले बैल तर खच्ची केलेलेच होते ना? वेसणही टोचलेलीच असणार. मग जात वाचवायची म्हणजे हे सगळेही पुन्हा करायचे का?"

शेठजींनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांच्या आजोबांनी भार कमी केला, गूळ-तेल दिले, दुपारची सुटी दिली; पण जू काढले नाही. गृहस्थाचे व्रत अणुव्रत आहे, महाव्रत नव्हे, म्हणूनच त्याला अतिचारांची यादी लागते आणि रोज प्रतिक्रमण लागते. "बैल जुंपला म्हणून आजोबा निर्दोष नव्हते," ते शेवटी म्हणाले. "पण त्यांना आपला दोष दिसत होता, कारण बैल रोज समोर उभा होता. माझ्या दुकानात पन्नास वर्षांत बैल आला नाही, म्हणून मला वाटले माझ्या खात्यावर काही नाही."

नातीने मान हलवली. तिचे पूर्ण समाधान झाले नव्हते, आणि शेठजींनी ते झाले असे मानलेही नाही.

* * *

घराची अहमदपूरजवळ सहा एकर जमीन आहे. ती बटईने दिलेली, खरिपात सोयाबीन. शेठजींनी ठरविले की त्यांपैकी तीन एकरांत येत्या रब्बीपासून देशी ज्वारी घ्यायची, मालदांडी, आणि तिचा कडबा बाजारात विकायचा नाही. मुलाने कागद घेऊन हिशेब मांडला. रब्बीसाठी ओल राखायची तर ते रान खरिपात मोकळे ठेवावे लागेल, काढणीला माणसे मिळत नाहीत, ज्वारी काढणे आणि कडबा बांधणे यांची मजुरी इतकी. एकरी नक्की तूट. हिशेबात चूक नव्हती.

"बासा, यापेक्षा तेवढी रक्कम दरवर्षी गोशाळेला देऊ. पावतीही मिळेल," मुलगा म्हणाला. तोही मनाने वाईट नाही. सोपा आणि प्रामाणिक मार्गच तो सुचवीत होता.

"गोशाळेला देतो तेवढे देऊच," शेठजी म्हणाले. "तिथली म्हातारी गुरे आपल्यावरच आहेत. हे त्याच्या बदल्यात नाही."

त्या हिवाळ्यासाठी मात्र कडबा विकत आणावा लागला, सोलापूरकडून, जेथे अजून रब्बी ज्वारीची राने आहेत. भाव ऐकून शेठजींना प्रथमच कळले की शेतकरी गुरे का विकतो. एक ट्रक मन्याड खोऱ्यात गेला. संक्रांतीच्या आधी दोन दिवस तो मामांच्या अंगणात रिकामा झाला, तेव्हा शेजारची चार माणसे गंजी रचायला आपणहून आली. त्यांतल्या दोघांच्या गोठ्यात अजून लाल जनावर होते. कडब्याच्या वासाने तांबडीने मान वर केली आणि दावे ताणले.

ठरले ते असे. गाय मामांची, गोठा मामांचा, दूध मामांच्या घरचे. वैरण दुकानाची. मामांचे गुडघे चालत नाहीत म्हणून शेजारचा एक तरुण शेण-पाणी पाहील, त्याच्या दोन गुरांनाही त्याच गंजीतून वैरण. आणि जे वासरू होईल, ते गोऱ्हा असो की कालवड, विकायचे नाही.

वैशाखात तांबडी व्याली. गोऱ्हा झाला. गडद लाल, कपाळावर एकही पांढरा केस नाही. एरवी गोऱ्हा झाला की हल्ली गोठ्यात कोणी आनंद करीत नाही. मामांनी मात्र फोन केला आणि आवाज चढवून सांगितले, "शेटजी, वळू हाय!" नात उदगीरहून येऊन त्याला पाहून गेली. वजन, रंग, आईची वंशरेषा, बापाचे गाव हे सर्व तिने एका वहीत लिहून घेतले. ती लाल बांधणीची वही आजोबांनीच दुकानातून दिली होती. शेजारच्या दोन गोठ्यांतील जनावरांचीही पाने तिने उघडली. एका गोऱ्ह्याने जात वाचत नाही, हे तिने सर्वांना स्पष्ट सांगितले. पण आसपासच्या पाच-सहा गावांत, त्याच्या रक्ताच्या नसलेल्या गाईंना आता दूर जावे लागणार नव्हते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामांनी खांदमळणी केली. घरात बैल नव्हता. त्यांनी लोणी आणि हळद घेऊन त्या चार महिन्यांच्या गोऱ्ह्याच्या खांद्याला लावली. त्या खांद्यावर जू यायचे नव्हते, तरी लावली.

दिवाळीला दुकानात वहीपूजन झाले. नव्या वर्षाची खाती उघडताना मुलाने कडब्याच्या ट्रकाचे बिल, तरुणाची मजुरी आणि ज्वारीच्या बियाण्याचा खर्च पुढे ठेवला आणि सवयीने विचारले, "बासा, हे धर्मादा खात्यात टाकू ना?"

शेठजींनी चष्मा काढला. दुकानाच्या धर्मादा खात्यावर त्यांना अभिमान होता. ते आजोबांनी उघडलेले. पण दान कोणाला, तर ज्याचे आपल्याकडे काही येणे नाही त्याला.

"नाही," ते म्हणाले. "नवे पान घे. वर 'दावण' असे लिही. आणि देणे बाजूला टाक."

मुलाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग त्याने पान उलटले, वर 'श्री' काढला आणि लिहू लागला.